मैदानरावांचा रिव्हर्स

तर बसच्या नाकासमोर दूधगाडीचं नाक येऊन थांबलं होतं, तिथवर आपण आलो होतो. मध्ये अंतर किती? शेळीचं पिल्लू आडवं घुसेल, पण त्याची आई घुसणार नाही, एवढं. बस वरून खाली निघालेली, दूधगाडी खालून वर चढत आलेली. रस्त्याच्या एका अंगाला डोंगराची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीच्या काठाला गुडघाभर उंचीचा कठडा. तो कठडा कोणाला दरीत पडण्यापासून वाचवायला बांधला असं सांगतात, पण आजवर त्याचा उपयोग बसून गप्पा मारायलाच झालेला.

बसमध्ये स्टिअरिंगला मिठी मारून बसले होते मैदानराव. दूधगाडीत दूधवाला, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती मैदानरावांची सख्खी बायको. मागे दुधाच्या कॅनच्या जागी दोरखंडाने आवळलेलं एक लाकडी कपाट उभं होतं, नवरदेवासारखं ताठ.

बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, मागे घ्या की!"

आणि ज्या माणसाने या गावात आल्यापासून कोणाचं एक वाक्य उत्तराशिवाय जाऊ दिलं नव्हतं, तो माणूस समोरच्या काचेवरची माशी बघत गप्प बसला.

हे गप्प बसणं समजायचं तर आधी माणूस समजायला हवा.

मैदानराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नाव गावाने दिलं, पहिल्याच आठवड्यात, आणि फुकट दिलं. ते ज्या मुलखातून आले तिथे जमीन अशी सपाट, की कुत्रं घर सोडून पळालं तर तीन दिवस दिसत राहतं. रस्ता दोरीसारखा सरळ. ड्रायव्हरला डुलकी लागली तरी वळण यायच्या आत त्याची झोप पुरी होते. अशा रस्त्यावर वीसेक वर्षं बस चालवून मैदानरावांची पक्की समजूत झाली होती की जगात ड्रायव्हर एकच, आणि तो रोज सकाळी आपल्याच आरशात दाढी करतो.

अशा माणसाची बदली डोंगरावर झाली. झाली म्हणजे त्यांनीच मागून घेतली. का, ते पुढे येईल. पण गावात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी तोंड असं केलं, की जणू गावानेच त्यांच्या पाया पडून त्यांना आणलंय आणि ते उपकार म्हणून राहतायत.

"याला रस्ता म्हणतात?" पहिल्या दिवशी ते कंडक्टरबाईंना म्हणाले. "आमच्याकडे असल्या वाटेने बकरीसुद्धा नवऱ्याला विचारून जाते."

कंडक्टरबाई म्हणजे पन्नाशीची, ठेंगणी, गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई. तिकीट फाडता फाडता ती म्हणाली, "आमच्या बकऱ्या विचारत नाहीत. म्हणून तर वर पोचतात."

इथून त्या दोघांची जी जुंपली ती जुंपलीच.

राहायला जे घर मिळालं त्याचा तर मैदानरावांनी पहिल्या नजरेतच निकाल लावला. रस्त्यावरून दारात शिरावं तर माणूस थेट वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर त्याच्या खाली, न्हाणी त्याच्याही खाली. पाहुणा आला तर घरात वर न्यायचा की खाली, हेच समजेना. आणि जमीन उतरती. थोडीच, पण उतरती. घरमालकिणीने किल्लीबरोबर एक डबा दिला, लाकडी पाचरींचा.

"हे काय?" मैदानरावांनी विचारलं.

"पाचरी. टेबलाला, खाटेला, पाळण्याला लावायच्या. कमी पडल्या तर मागा."

"घराबरोबर पाचरी देता? मग जेवताना आम्हाला पण दोन दोन लावा, कलंडायला नको!"

"सवय होईपर्यंत लावतात काही जण," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मैदानरावांनी पाचरींचा डबा दाराआड टाकला आणि जाहीर केलं, की या घरात पाचर लागणार नाही. आपण वाकड्यात शिरणारी माणसं नव्हे. मग काय, वाटीचं झाकण पडलं की घरंगळत कोपऱ्यात. पेन पडलं की कोपऱ्यात. दाढीचा साबण, बायकोची सुईदोऱ्याची रिळं, एकदा तर अख्खा कांदा, सगळ्यांची जत्रा त्या एकाच कोपऱ्यात. काही हरवलं तर शोधायची गरजच नाही. खाटेवर झोपलं की पहाटेपर्यंत मैदानराव भिंतीला चिकटलेले आणि बायको त्यांना चिकटलेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही जवळीक काही कोणी मागितलेली नव्हती. चौथ्या दिवशी बायकोने खाटेच्या दोन पायांखाली पाचरी सारल्या. मैदानरावांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, त्यामुळे मैदानरावांची केवढी सोय झाली म्हणून सांगू!

पण त्यांचा सगळ्यात मोठा संताप होता तो गावाच्या बोलण्यावर. भाषा तीच, शब्द तेच. पण या गावात डावं-उजवं नावाची गोष्टच नाही. सगळं डोंगराकडे आणि दरीकडे. दुकानदाराला साखर विचारली तर म्हणणार, "डोंगराकडच्या फळीवर." न्हाव्याकडे बसलं तर तो म्हणणार, "मान जरा दरीकडे करा." एकदा मैदानरावांचा कान दुखला म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठला दुखतोय, डोंगराकडचा का दरीकडचा?"

"बाई, मी या खुर्चीवर उलटा बसलो तर माझा कान बदलतो काय?"

"मग सरळ बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बायकोसमोर हात नाचवले. "डावा हात, उजवा हात! देवाने एवढे दोन दिलेले आहेत, ते काय नुसते खाजवायला? यांना विचारावं तर डोंगर दाखवतात. डोंगर उद्या पडला म्हणजे हे लोक दाराबाहेर पडायचे कसे?"

बायको कोपऱ्यातला साबण उचलत म्हणाली, "तुमचा टॉवेल दरीकडच्या खुंटीला आहे."

मैदानराव तिच्याकडे असे बघत राहिले, जणू घरात फितुरी झाली.

आता रस्त्याचं. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर एक साधा नियम असतो, तो कुठल्याही डोंगरात असतो: चढणाऱ्याचा मान. चढणारी गाडी थांबली तर पुन्हा उचलायला जड, म्हणून उतरणाऱ्याने मागे सरकून रुंद जागी उभं राहायचं आणि वाट द्यायची. मग चढणारा जाताना हात वर करतो, उतरणाराही करतो. झालं. यात ना शिट्टी लागते ना पोलीस.

मैदानरावांना हात वर करणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटला. "ओळख ना देख! आमच्याकडे याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात." कोणी हात केला की ते छताकडे बघत. पण मागे सरकणं? त्यावर तर त्यांचं व्याख्यान ठरलेलं होतं.

"मैदानराव पुढे बघून चालवतो. मागे बघण्याचं काम खेकड्याचं."

असं ते डेपोत बोलायचे, चहाच्या टपरीवर बोलायचे, न्हाव्याच्या खुर्चीत मान दरीकडे करून बोलायचे. आणि ते जेवढं मोठ्याने बोलायचे, तेवढी कंडक्टरबाई त्यांच्याकडे बारीक डोळे करून बघायची. कारण तिला एक शंका होती. आणि ती शंका खरी होती.

मैदानरावांना बस मागे घेता येत नव्हती.

हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका. सपाटीवर त्यांची बस एका फाटकातून आत शिरायची आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडायची. शेवटच्या थांब्याला एवढं मोठं पटांगण की बस गोल फिरवून आणावी. गॅरेजात लावायची वेळ आली तर मेकॅनिक लावायचा. परीक्षेच्या दिवशी जेवढी चार हात मागे घेतली असेल तेवढीच. तीही परीक्षा घेणारा तेव्हा शिंकत होता म्हणून निभावलं. वीस वर्षं पुढे, पुढे आणि पुढे. मागच्या आरशाचा उपयोग त्यांनी केस विंचरायला केला.

आणि आता चढावर, उलट्या दिशेने, एका बाजूला दरी ठेवून, नागमोडी रस्त्यावर अख्खी बस मागे न्यायची! रिव्हर्सचा दांडा हातात घेतला की त्यांच्या पोटऱ्यांना घाम यायचा. आरशात डावं उजवं दिसायचं, उजवं डावं, आणि डोक्यात दोन्हींची खिचडी.

सांगितलं असतं कोणाला, तर गाव चार दिवस हसलं असतं आणि पाचव्या दिवशी शिकवलं असतं. पण आधी एवढे नाकाने कांदे सोललेले होते, की आता त्या नाकाला खाली येणं परवडणारं नव्हतं.

पहिल्यांदा गॅसचा ट्रक समोर आला, भरलेला. मैदानराव हाताची घडी घालून बसले. शेवटी तो भरलेला ट्रकच जीव मुठीत धरून उतारावर मागे गेला. तक्रार झाली. दुसऱ्यांदा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची मोटार आली. बाई मोटारीतून उतरून बसच्या काचेवर टकटक करून म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही का समजत नाही?" मैदानराव म्हणाले, "तुमच्या वर्गात असतो तर सांगितलं असतं." दुसरी तक्रार झाली, आणि तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "मैदानराव, तुम्ही इथे अजून कच्चे आहात. सहा महिने होईपर्यंत तुमचं इथलं पक्कं नाही. आणखी एक तक्रार आली, की तुम्ही परत सपाटीवर."

"उपकार होतील!" मैदानराव म्हणाले. "आजच पाठवा. इथली हवा मला आवडतच नाही."

आणि बाहेर येऊन बाकावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत.

कारण हवेसाठीच तर आले होते. स्वतःच्या नव्हे, बायकोच्या. तिला दमा. सपाटीवर धुळीचे दिवस सुरू झाले की ती पाठीला उशांची उतरंड लावून बसल्या बसल्या झोपायची. झोपायची म्हणजे श्वास मोजायची. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जाताना मध्ये एकदा खुर्ची लागायची. डॉक्टर म्हणाले, उंच जागी, स्वच्छ हवेत न्या. मैदानरावांनी बदलीसाठी चार साहेबांचे उंबरे झिजवले, चौघांशी भांडले, आणि मिळवली. पण बायकोच्या दम्यासाठी आलो असं एका माणसाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "कंपनीला इथे एक तरी धड ड्रायव्हर पाहिजे होता."

इथे आल्यापासून बायको आडवी झोपत होती. पाठ टेकून, सरळ. एवढंच नव्हे, घोरायला लागली होती. मैदानराव कुशीवर पडून ते घोरणं ऐकायचे आणि स्वतःशी तुच्छतेने म्हणायचे, "काय हा आवाज! लाकडाच्या वखारीत राहतोय की काय मी!" आणि मग त्यांना अशी गाढ झोप लागायची की सकाळी बायकोलाच उठवावं लागायचं.

आणखी एक तक्रार झाली, की त्या उशा पुन्हा भिंतीला लागणार होत्या.

दुसरा कोणी असता तर रिव्हर्स शिकला असता. मैदानरावांनी काय केलं? त्यांनी सगळ्या डोंगराचं टाइमटेबल पाठ केलं. दूधगाडी सकाळी कधी चढते, गॅसचा ट्रक कुठल्या वारी येतो, मुख्याध्यापिकाबाई शाळा सुटल्यावर किती वेळ गप्पा मारतात, पाववाला कुठे चहाला थांबतो. खालून कोणी चढत येणार असेल, की हे वरच्या रुंद जागी, पाण्याच्या नळापाशी, बस बाजूला घ्यायचे, खाली उतरायचे आणि टायरला लाथा मारत उभे राहायचे. आधी डोंगराकडच्या टायरला, मग दरीकडच्या. समोरची गाडी चढून निघून गेली की हात झटकून पुन्हा वर चढायचे. "हवा ठीक आहे."

"रोज ठीकच असते," कंडक्टरबाई म्हणायची. "लाथांनी टायर झिजले, तेवढे रस्त्याने झिजले नाहीत."

आणि आता गंमत बघा. गावाला काय वाटलं? गावाला वाटलं, या माणसाइतका सभ्य ड्रायव्हर झाला नाही! चढणारा अजून वळणापलीकडे आहे आणि हा वर थांबून वाट देतो! आपल्या माणसांना जमत नाही ते या परक्याला जमतं! ज्या पाववाल्याने त्यांना आखडू म्हटलं होतं, तो येता-जाता दोन्ही हात वर करायला लागला. एक म्हातारी बसमधून उतरताना त्यांच्या खांद्यावर थापटून म्हणाली, "आईने वळण चांगलं लावलंय हो तुला."

मैदानराव घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, हे गाव येडं आहे. निव्वळ येडं. यांना शिवी दिली तरी आशीर्वाद म्हणून पदरात घेतील."

बायको भिंतीवर वीत टाकून काहीतरी मोजत होती. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत.

"काय मोजतेस?"

"कपाट बसेल इथे. खालच्या बाजारात एक बघून ठेवलंय, वापरलेलं, पण लाकूड चांगलं आहे."

"कपाट? पाहुण्याने कपाट घेऊन यायचं नसतं."

"पाहुणे तुम्ही. मी राहते इथे," बायको म्हणाली, आणि पुन्हा वीत टाकली.

मैदानरावांनी तोंड वाकडं केलं. तिला त्या दुसऱ्या तक्रारीबद्दल अजून काही ठाऊक नव्हतं. आणि सांगायला तोंड कुठलं!

म्हणून त्या दिवशी काय झालं ते आता कळेल. दुपारची वेळ. त्या वेळी खालून चिटपाखरू चढत नाही, हे मैदानरावांना पाठ. टायरला एकही लाथ न मारता ते मजेत खाली निघाले. पहिल्या बाकावर तिकीट तपासनीस बसलेला, काळी टोपी, खिशाला पेन. ते त्यांना फारसं आवडलं नव्हतं, पण टाइमटेबलवर भरवसा होता. फक्त त्या टाइमटेबलात बायकोचं कपाट नव्हतं. कॅन उतरवून रिकाम्या झालेल्या दूधवाल्याला तिने गाठलं, कपाट चढवलं, आणि शेजारी बसून निघाली ती थेट गाव ज्याला "कोपर" म्हणतं त्या वळणावर नवऱ्याच्या नाकासमोर.

दूधवाल्याने इंजिन बंद केलं. कपाट लादलेली गाडी घेऊन उतारावर मागे जाणं त्याला शक्य नव्हतं, आणि नियमाप्रमाणे त्याचा प्रश्नही नव्हता. त्याने खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. त्याला घाई कसलीच नसायची. त्याचं दूधसुद्धा त्याच्याआधी पोचतं असं लोक म्हणायचे.

"अहो, मागे घ्या की!" बायको म्हणाली. तिथे आपण थांबलो होतो.

"काय झालं?" तपासनीसाने मान वर केली.

"काही नाही. ते... समोरच्याला जरा विचार करू दे," मैदानराव म्हणाले.

"विचार तुम्ही करायचाय," कंडक्टरबाई म्हणाली. ती खाली उतरली, शिट्टी तोंडात धरून बसच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि एक फुर्र वाजवली. बसमधली माणसंही उतरली. काही सावधगिरी म्हणून, आणि काही तमाशा चांगला दिसावा म्हणून कठड्यावर जाऊन बसली. तपासनीस तेवढा आत राहिला. त्याने पेनाचं टोपण काढलं.

टोपणाचा तो 'टक्' आवाज मैदानरावांना इंजिनापेक्षा मोठा ऐकू आला.

त्यांनी दांडा रिव्हर्सला टाकला. ब्रेक सोडला. बस मागे जायची ती हातभर पुढे आली, दूधगाडीच्या नंबरप्लेटला टेकली आणि बंद पडली. कठड्यावर कोणीतरी हसलं. दूधवाल्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली, खाली उतरून एक मोठा दगड बसच्या चाकापुढे सरकवला, आणि दुसरी फोड तोंडात टाकली. "निवांत, पाहुणे."

"तुझा निवांतपणा तुझ्याकडे ठेव!" मैदानराव गरजले, पण आवाज फाटला.

दूधगाडीत बसलेल्या बायकोने ते बघितलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. लग्नाच्या वेळी भटजींनी नाव घ्यायला सांगितलं तेव्हा असाच फाटला होता. एका क्षणात तिला सगळं कळलं: टायरला लाथा, खेकड्याची व्याख्यानं, सगळं.

ती दार उघडून उतरली. पिशवी दूधवाल्याकडे दिली. आणि बसच्या कडेकडेने चढ चढायला लागली.

मैदानरावांना ती शेजारच्या आरशात दिसली. तोच आरसा, केस विंचरायचा. त्यात ती लहान लहान होत वर चाललेली. चढ असा की धडधाकट माणूस गुडघ्यावर हात ठेवतो. मैदानराव वाट बघत होते, आता थांबेल, आता छातीवर हात धरेल, आता खुर्ची लागेल. ती थांबली नाही. बसच्या मागे पोचली, कंडक्टरबाईला म्हणाली, "शिट्टी राहू दे, त्यांना शिट्टी कळत नाही," आणि कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"या मागे!" तिने आवाज दिला. पूर्ण श्वासाचा आवाज. सपाटीवर एवढ्या आवाजात तिने कधी कोणाला हाक मारलेली मैदानरावांनी ऐकली नव्हती.

"अगं, बाजूला हो! चेंगरशील!"

"तुम्ही मला चेंगराल, एवढं तुम्हाला मागे येता तरी येतं का? या!"

कठड्यावरचे लोक खो खो हसले. मैदानरावांचं डोकं फिरलं, आणि रागाच्या भरात क्लच बरोबर सुटला. बस थरथरली आणि एकदाची मागे सरकली.

"उजवीकडे घ्या, उजवीकडे!"

त्यांनी आरशात बघितलं, उजवं शोधलं आणि डावीकडे वळवलं.

"अहो उजवीकडे! जेवता त्या हाताकडे! का आता चमचे दोन्ही हातांनी धरता?"

"आरशात उलटं दिसतं!"

"तुम्हाला सरळ कधी दिसलंय?"

खाट्! बसचं मागचं टोक डोंगराच्या भिंतीवर आपटलं. दिव्याच्या काचा रस्त्यावर सांडल्या. तपासनीस बाकावरून अर्धा घसरला. मैदानरावांनी डोळे मिटले.

मागे बायकोने फुटक्या काचा चपलेने बाजूला सारल्या. मग बायकोचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत, घरात टॉवेल कुठे आहे ते सांगते तसा:

"दरीकडे घ्या."

आणि मैदानरावांच्या डोक्यातली खिचडी एकदम निवळली. दरी आरशातून बघा नाहीतर खिडकीतून, ती काही जागा बदलत नाही. डावा हात कुठला, उजवा कुठला, कशाला शोधायचा? दरी ती दरी, डोंगर तो डोंगर. त्यांनी चाक दरीकडे फिरवलं.

"बास. आता डोंगराकडे. थोडं. थोडं म्हटलं, सासर नाही ते तुमचं, आत शिरायला! हां. आता सरळ या. दरीकडे... डोंगराकडे..."

अशी ती मागे मागे सरकत गेली आणि बस तिच्या मागून, म्हणजे बसच्या हिशेबाने तिच्याकडे, शहाण्या गाईसारखी सरकत गेली. कठड्यावरची माणसंसुद्धा बरोबर ओरडायला लागली, "डोंगराकडे, पाहुणे! दरीकडे, पाहुणे!" ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. पण मैदानराव ऐकत होते एकच आवाज. पाण्याच्या नळापाशी रुंद जागा आली, बस बाजूला लागली, आणि मैदानरावांनी हँडब्रेक असा ओढला, जणू तो पुन्हा कधी सोडायचाच नाही.

दूधवाल्याने दगड बाजूला केला, गाडी सुरू केली, आणि कपाट डुलवत वर आला. नळापाशी क्षणभर थांबून बायकोला आत घेतलं. जाताना त्याने हात वर केला. मैदानरावांनी छताकडे बघितलं. मग कंडक्टरबाईच्या म्हणण्याप्रमाणे स्टिअरिंगवरून त्यांची दोन बोटं उठली. मैदानरावांच्या म्हणण्याप्रमाणे ते माशी हाकलत होते.

माणसं हसत खिदळत पुन्हा बसमध्ये चढली. त्यांत ती म्हातारीही होती, तिने जाता जाता पुन्हा खांद्यावर थापटलं. कंडक्टरबाईने शिट्टी पुसून पदराला खोचली.

तपासनीस मात्र उठून ड्रायव्हरच्या केबिनपाशी आला. पेनाचं टोपण त्याने केव्हाच परत लावलं होतं, पण पेन हातात नाचवत, मिशीत हसत त्याने विचारलं, "काय मैदानराव, मागचा दिवा फोडलात. करायची का ही तिसरी तक्रार? तुम्हीच म्हणता ना, आजच पाठवा म्हणून. सुटाल एकदाचे या गावातून."

मैदानरावांनी कपाळावरचा घाम पुसला, मान ताठ केली, नाक होतं तिथे परत नेऊन ठेवलं, आणि म्हणाले:

"लिहा की साहेब, खुशाल लिहा! दिवा फुटला तो डोंगराकडचा, आणि तोही तुमच्या डोंगराने मध्ये तोंड घातलं म्हणून, हे पण लिहा. फक्त लवकर आटपा, मला वेळेवर घरी पोचायचंय. त्या वाकड्या घरात कपाट उभं करायचं म्हणजे दरीकडच्या पायांना जाड पाचरी लागतात, आणि तुमच्या अख्ख्या गावात एकाला धड पाचर तासता येत नाही, म्हणून मी गेल्या महिन्यातच तासून ठेवल्यात. ह्या इथे माझ्या सीटखाली आहेत, बघायच्या तर बघा!"